काठावरची माणसं मोजताना

समुद्र गावात शिरला तर किती माणसं त्याच्या वाटेत येतील, याचा अंदाज बांधणं ही माझी नोकरी. कुणी विचारलं तर मी एवढं सविस्तर सांगत नाही. "मॅपिंगमध्ये आहे," एवढंच म्हणते, आणि समोरचा माणूस घरांच्या किमतींकडे वळतो. गिरावीनमध्ये, परदेशातल्या आमच्या या उपनगरात, सगळ्या गप्पा शेवटी तिकडेच वळतात. आईला मात्र असं गुंडाळता येत नाही. ती पहिल्यांदा इकडे आली तेव्हा माझ्या लॅपटॉपवरचा निळा-लाल नकाशा तिने चष्मा वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे तू मेलेली माणसं मोजतेस?"

"अगं, मरू नयेत म्हणून जिवंत मोजते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिला ते ठीक वाटलेलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

खरं सांगायचं तर मी जन्माची भित्री आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, डॉक्टरच्या दवाखान्यातून फोन आला की नंबर बघूनच तो नवऱ्याच्या हातात देते. समुद्राला तर फारच भिते. वाळूवर चप्पल हातात घेऊन घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहणं ही माझी मजल. असल्या बाईने हे काम कशाला धरलं, असं नवरा चेष्टेने विचारतो. उत्तर मला माहीत आहे. भित्र्या माणसाला आकडा धीर देतो. काय होणार हे कळलं नाही तरी किती जणांना होणार हे कळलं की मला झोप लागते.

काम तसं समजायला सोपं आहे. नकाशावर किनाऱ्याची पट्टी घ्यायची. समुद्रापेक्षा दहा मीटर उंचीच्या आतली जमीन रंगवायची. त्या रंगाखाली किती घरं येतात ते पाहायचं आणि त्या घरांत जनगणनेप्रमाणे किती माणसं राहतात त्याची बेरीज करायची. आता जनगणनेत माणूस कुठे धरतात, तर तो नेहमी राहतो तिथे, म्हणजे जिथे त्याची उशी आहे तिथे. त्यातून इथली जनगणना ऐन थंडीत, मंगळवारच्या रात्री होते. तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. उन्हाळ्यातल्या भर दुपारी तिथे किती माणसं असतील हे त्यावरून काय डोंबल कळणार? म्हणून आम्ही त्यात वरून भर घालतो. त्या भरीला रिपोर्टमध्ये चांगलं भारदस्त नाव असतं, पण आमटीत डोळ्यांच्या अंदाजाने मीठ टाकावं तितपतच ती खरी असते. बागा, वाळू, खडक, पार्किंग अशा ठिकाणी तर कुणीच राहत नाही. तिथे शून्य.

बाबा गेल्यापासून आई दर वर्षी पाच-सहा महिने आमच्याकडे येते, व्हिजिटर व्हिसावर. घरात पहिला कुकर तिचा लागतो, मुलीचा डबा तिच्या हातचा असतो, नवऱ्याचे हरवलेले मोजे तिलाच सापडतात. पण माझ्या कामाच्या तक्त्यात ती आमच्या घरात नसते. परदेशातून आलेले पाहुणे राहणाऱ्यांच्या आकड्यातून वगळलेले असतात. मी हे तिला एकदा गमतीने सांगितलं.

"मग मला कुठे धरतात?"

"कुठेच नाही."

"बरं झालं. मग आज भांडी ती धरलेली माणसं घासतील," असं म्हणून ती टीव्हीसमोर जाऊन बसली. त्या रात्रीची भांडी खरंच मी घासली.

आईचं माहेर दापोलीच्या खालच्या अंगाला, अगदी समुद्राला लागून. लग्नानंतर ती पुण्याला आली आणि शाळेत गणित शिकवण्यात तिचा जन्म गेला, पण भरती-ओहोटीचं गणित ती माहेरहून घेऊन आली होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहा वाजता पाणी पूर्ण भरलेलं आणि बाराला पूर्ण ओसरलेलं. इथे आल्यावर दोन-तीनदा समुद्रावर जाऊन तिने स्वतःच शोधून काढलं, की इथलं पाणी कोकणातल्यापेक्षा साडेतीन तास आधी धरायचं. मी फोनवर वेळा बघून ताडून पाहिलं. दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडला. "तुझा फोन चुकत असेल," ती म्हणाली.

तर अशी ही बाई, जिला समुद्राची काडीची भीती नाही.

मुलांकडे आलेल्या आईवडिलांचा इथे एक गट जमला आहे. मुलं आणि सुना कामावर गेल्या, नातवंडं शाळेत गेली, की घर खायला उठतं. म्हणून ही मंडळी दर शुक्रवारी ट्रेनने कुठेतरी फिरायला जातात. त्या वर्षी गटात सहा जोडपी होती आणि माझी आई. पुढारी होते ठाण्याचे, बँकेतून रिटायर झालेले एक काका. इथला नंबर असलेला फोन फक्त त्यांच्याकडे. बाकीच्यांचे फोन घरच्या वायफायवरच जागे होणारे. आई तर फोन घरीच ठेवून जाते, त्यात वाळू जाते म्हणून. काका फार शिस्तीचे, प्रत्येक स्टेशनवर उतरलं की मोजणी करतात, असं आई कौतुकाने सांगायची. मीही निर्धास्त होते. मोजणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसतो.

मार्चमधला शुक्रवार होता. सकाळी आई थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळत होती. दक्षिणेकडच्या एका लहानशा गावी जायचं ठरलं होतं. स्टेशनपासून चालत जाता येईल असा किनारा, वर गवताचं मैदान, बाकं. "आज द्वादशी," ती म्हणाली. "बाराच्या सुमाराला पूर्ण सुकती. खडक उघडे पडतील. काय काय बघायला मिळतं गं त्या डबक्यांत."

"खडकांवर जाऊ नकोस," मी बूट घालता घालता म्हटलं.

"नाही जात," असं तिने म्हटलं, म्हणजे ती जाणार होती. मुलीचे स्पोर्ट्स शूज तिने आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवले होते. मला उशीर होत होता, म्हणून मी वाद घातला नाही.

पॅरामॅटाच्या आमच्या ऑफिसातून नदी दिसते, समुद्र दिसत नाही. मी पोचले तेव्हा सगळे एकाच स्क्रीनभोवती जमले होते. पहाटे पॅसिफिकमध्ये खूप दूर मोठा भूकंप झाला होता आणि आमच्या किनाऱ्यासाठी त्सुनामीची सूचना निघाली होती. जमिनीवर पाणी चढणार नव्हतं. पण समुद्रात आणि अगदी काठावर धोका होता. पाणी अचानक वर-खाली होईल, जोराचे प्रवाह तयार होतील, तेव्हा पाण्यातून बाहेर या, काठापासून दूर व्हा, खडकांवर थांबू नका. परिणाम साडेअकराच्या सुमारास दिसू लागतील.

सांगायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा जे वाटलं ती भीती नव्हती. इतकी वर्षं कागदावर जे मांडलं ते आज तपासायला मिळणार, याचा थोडा आनंदच होता. ऑफिसात सगळ्यांचंच तसं झालं होतं. कुणी खुर्च्या सरकवत होतं, कुणी बिस्किटांचा डबा फिरवत होतं. आमच्या टीम लीडने, ती फार नेमकं बोलणारी बाई आहे, किनाऱ्याचे तुकडे करून वाटून दिले आणि विचारलं, "आत्ता, या क्षणी, अगदी काठावर किती माणसं असतील? घरांतली नकोत. काठावरची."

दक्षिणेचा तुकडा माझ्याकडे आला. मी सवयीने तक्ता उघडला, आणि लक्षात आलं की जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. घरांत झोपणारी माणसं माझ्याकडे होती. काठावरची नव्हती. मी एकेक किनारा मोठा करून बघत खाली सरकत गेले. एका लहानशा गावापाशी गवताचं मैदान दिसलं. त्याच्यापुढे वाळू, वाळूच्या कडेला समुद्रात गेलेला सपाट खडक. या सगळ्यावर मीच दोन आठवड्यांपूर्वी शून्य भरलं होतं. गावाचं नाव मी दोनदा वाचलं. आईने आदल्या दिवशी मला ते नाव सांगितलं होतं आणि मी "हो, हो" म्हटलं होतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं नाही. मी खुर्चीत बसलेली असूनही टेबल घट्ट धरलं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी काकांना फोन लावला. चार रिंग झाल्या.

"काका, तुम्ही समुद्राजवळ आहात का? आत्ताच्या आत्ता वर चला. रस्ता ओलांडून चढावर. पाणी वाढणार आहे."

"अगं हो, आत्ताच एक लाइफगार्ड बाई भोंग्यावर ओरडून गेली. तिचं इंग्लिश काही झेपेना, पण तिचे हातवारे बघून निघालो. वरच आलोय जवळजवळ."

"सगळे आहेत ना?"

"थांब हं." मग फोन बाजूला धरून मोजल्याचा आवाज आला. वारा होता, कुणीतरी धापा टाकत हसत होतं. मग काका परत आले. "सहाच्या सहा जोड्या वर आल्यात. एकदम सुखरूप. तू काळजी करू नकोस."

माझा जीव भांड्यात पडला. मी काकांचे आभार मानले, दोनदा मानले. टीम लीडला सांगितलं की माझी आई नेमकी तिथेच होती आणि आता वर आहे. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी जाऊन कॉफी करून आणली. येताना एका सहकाऱ्याशी थट्टासुद्धा केली, की बघ, आमचे म्हातारे तुमच्या सर्फर लोकांपेक्षा लवकर बाहेर पडले. तो पन्नाशीचा, इथलाच, समुद्राकाठी वाढलेला माणूस. तो मनापासून हसला. मी बसले, कॉफीचा घोट घेतला आणि त्या मैदानासमोरचं शून्य खोडून तिथे आता खरा आकडा भरावा म्हणून बोटं चालवली. सहा दुणे बारा. मी बारा लिहिले.

मग मी त्या बाराकडे बघत राहिले. सहा जोड्यांचे बारा. आई कुणाच्या जोडीत?

त्या क्षणी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कॉफी सांडली, ती माझ्या मांडीवर सांडली हे मला घरी गेल्यावर भाजलेलं दिसलं तेव्हा कळलं. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. मी फोन लावला, तो एंगेज लागला. परत लावला, परत एंगेज. काकांना सगळ्यांची मुलं आता फोन करत असणार, जसा मी केला होता. तिसऱ्यांदा लागला.

"काका, आई कुठे आहे? माझी आई?"

"ताई? अगं इथेच..." आणि ते थांबले. "अगं ए, ताई कुठायत?" त्यांनी बायकोला विचारलं. मागून काकूंचा आवाज आला, "त्या तर फोटोंच्या वेळी होत्या," आणि दुसरी कुणीतरी बाई म्हणाली, "त्या खडकांकडे गेल्या होत्या ना?" मग एकदम बायकांचा ओरडा सुरू झाला. सगळ्या जणी आईला हाका मारत होत्या. काका माझ्याशी बोलायचं विसरले होते. मी फोनवर "काका, काका" करत होते आणि ते दुसऱ्या कुणाला तरी मोडक्या इंग्लिशमध्ये सांगत होते, "वन लेडी, ओल्ड लेडी, रॉक्स, रॉक्स." मग फोन बंद झाला.

मी उभी राहिले की बसले होते ते आठवत नाही. मघाशी ज्याच्याशी थट्टा केली तो सहकारी किल्ल्या घेऊन समोर उभा होता. "कमॉन, मेट, गाडी खाली आहे," तो म्हणाला. लिफ्टला मी भिते, पण त्या दिवशी मी लिफ्टमध्ये कशी शिरले ते आठवत नाही.

तो रस्ता तासाभराचा आहे. आणि त्या तासभरात माझ्या वाट्याला आलं माझंच ज्ञान. दुसऱ्या कुणाची आई असती तर त्याने म्हटलं असतं, छोटीशीच सूचना आहे, काही होणार नाही. मला सगळं माहीत होतं. पाणी एकदा येऊन थांबत नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी परत येतं, आणि पुष्कळदा दुसरं पहिल्यापेक्षा मोठं असतं, हे माहीत होतं. धावतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी धडधाकट माणूस त्यात पाय रोवून उभा राहू शकत नाही, हे माहीत होतं. आई सत्तर वर्षांची, तिचा डावा गुडघा दुखतो, हेही माहीत होतं. मी डोळे मिटले की मला तो सपाट खडक वरून दिसायचा, माझ्या नकाशात दिसतो तसा, आणि त्यावर माझी आई दिसायची नाही.

देवाला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एरवी मी गणपतीपुरती आस्तिक. त्या दिवशी मी माहेरच्या कुलदैवतापासून सुरुवात केली. मध्येच बाबांशी बोलले. बाबा असते तर आई सातव्या जोडीत असती, काकांना सात जोड्या भरायच्या असत्या, आणि सहाच भरल्यावर त्यांना चूक कळली असती. बाबांचा मला भयंकर राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

काकांचा राग तर येतच होता. पण तो धरून ठेवायचा म्हटलं की हातातून निसटत होता. कारण मीही बाराच लिहिले होते. माझी स्वतःची आई, जिला सकाळी थालीपिठं गुंडाळताना मी बघितलं, तिला सोडून मी सहा दुणे बारा केले होते आणि कॉफी प्यायला गेले होते. ती पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत लाइफगार्डला सांगता आलं असतं, पाणी यायच्या आधी तिला आणता आलं असतं. गाडी सिग्नलला थांबली की मी त्या पंधरा मिनिटांत काय काय करता आलं असतं याची यादी करत होते. सहकारी मधूनमधून माझ्याकडे बघत होता. एकदा त्याने पाण्याची बाटली पुढे केली. झाकणही त्यानेच उघडलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी नंबर. मला तो उचलवेना. अनोळखी नंबरावरून चांगली बातमी आल्याचं मला आठवत नव्हतं. सहकाऱ्याने गाडी कडेला घेतली आणि माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला. एक बाई इंग्लिशमध्ये भराभर बोलत होती, त्यातलं मला एकही अक्षर कळलं नाही. मग खरखर झाली आणि आवाज आला.

"अगं, मी बोलतेय. पोरीचे बूट वाहून गेले गं."

आई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली. मग तिकडे कुणाला तरी म्हणाली, "लागत नाहीये वाटतं." मी तेव्हा जी रडायला लागले ती गाव येईपर्यंत थांबले नाही. सहकारी गाडी चालवत राहिला, आणि गाव जवळ आल्यावर म्हणाला, की त्याची आई पर्थला एकटी असते आणि आज संध्याकाळी तो तिला फोन करणार आहे.

पोचले तेव्हा आई चढावरच्या बाकावर अंगाभोवती चंदेरी ब्लँकेट गुंडाळून बसली होती. सलवार मांडीपर्यंत भिजलेली, पाय उघडे, तळव्यांना आणि गुडघ्यांना खडकावरच्या धारदार शिंपल्यांनी कापलेलं. मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, "अगं, पाण्याने नाही मारलं ते तू मारशील." सहाही जोडपी थोडी लांब उभी होती. जवळ यायला त्यांना धीर होत नव्हता. शेवटी काका आले. त्यांची मान वर होत नव्हती.

"चुकलो गं पोरी. मी नेहमी जोडीनेच मोजतो. सोपं पडतं. प्रत्येक जण आपल्या माणसाकडे बघतो, मी नुसत्या जोड्या बघतो. नेहमी शेवटी म्हणायचो, सहा जोड्या आणि ताई. आज धावपळीत..."

मी तापट आहे. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांना तिथेच फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी फक्त "असू दे काका" म्हटलं. ते मोठेपण नव्हतं. मी आणखी काही बोलले असते तर माझंही उघडं पडलं असतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांनी माझ्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात गेला. काठावरच्या माणसांसाठी मी वेगळा रकाना मागितला आणि टीम लीडने तो दिला. त्यात काय भरायचं हे अजून कुणालाच नीट ठरवता आलेलं नाही. समुद्राची मला पूर्वी वाटायची त्याहून आता जास्त भीती वाटते, आणि आकड्याने तिला उतार पडत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात, देवळात, वाढदिवसाला मी माणसं मोजते. एकेकटी मोजते. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायका आधी मोजते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आईला आंघोळ घालून सोफ्यावर बसवलं होतं. मुलगी जमिनीवर बसून आजीच्या तळव्यांना औषध लावत होती. "आजी, डोन्ट मूव्ह. इट्स गॉना स्टिंग." नवरा चहा करत होता. मी विचारलं, "मी सांगितलं होतं ना खडकांवर जाऊ नकोस म्हणून? का गेलीस?"

"फोटो चालले होते ना," ती म्हणाली. "जोडीजोडीने. एकेक जोडपं त्या बाकावर बसायचं, मागे समुद्र. म्हटलं, आपण कशाला मध्ये घुटमळायचं, सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. म्हणून मी खडकाच्या पलीकडे गेले. पाणी छान आत गेलं होतं. पूर्ण ओहोटीला अजून अर्धा तास होता, आणि एकदम भरायलाच लागलं. मी म्हटलं, हे काही खरं नाही, पाणी अशी येरझार घालत नाही. मागे वळले तर आल्या वाटेवर पाणी. मग बसून, रांगत वर चढले. एक कपार होती. तिथे बसले. पाणी तीनदा आलं. दुसऱ्यांदा पायातले बूट घेऊन गेलं. तिसरं ओसरल्यावर ती लाइफगार्ड बाई येऊन मला घेऊन गेली."

"हाक का नाही मारलीस?"

"कुणाला मारू? दिसत होते ना सगळे लांबून. जो तो आपल्या माणसाचा हात धरून चढ चढत होता."

मुलीचा हात थांबला. तिला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा आवाज आला.

आईने माझ्याकडे बघितलं. "तुला कधी कळलं गं, मी त्यांच्यात नाहीये ते?"

"लगेच," मी म्हटलं. "काकांचा फोन ठेवायच्या आत."

"मला ठाऊकच होतं," आई म्हणाली. "म्हणून तर तिथे गप्प बसून राहिले, घाबरले नाही. म्हटलं, बाकी कुणी नाही तरी माझी पोरगी मला मोजेल."